एका गुणाची गोष्ट

काही गोष्टी माणसानं आयुष्यात एकदाच करायच्या असतात, असं आमच्या घराण्यात फार पूर्वीपासून ठरलेलं आहे. मुंज एकदा, लग्न एकदा, काशी एकदा आणि पदवी एकदा. यांतलं लग्न एकदोघांनी दोनदा केलं. पण ते नाइलाजानं, आणि त्याची चर्चा अजूनही घरात हळू आवाजात होते. पदवी मात्र कुणी दोनदा घेतलेली नाही. बी.ए. झालेला एम.ए. होईल, एम.ए. झालेला पीएच.डी. होईल, तेही नाही जमलं तर विम्याचा एजंट होईल, पण बी.ए. झालेला माणूस पुन्हा बी.ए. होणार नाही. पोटभर जेवून, हात धुऊन, सुपारी तोंडात टाकलेला माणूस पुन्हा पाटावर येऊन बसला, तर वाढणारीनं काय समजायचं?

म्हणूनच मागल्या वर्षीच्या दसऱ्याला आमच्या बहिणीच्या घरी जे घडलं, त्याला घराण्याच्या इतिहासात दाखला नाही. श्रीखंड-पुरीचा बेत होता. मी, आमची सौ., बहीण सुमन, मेहुणे वसंतराव आणि त्यांची एकुलती एक मुलगी मृण्मयी, म्हणजे आमची मनू. वय सत्तावीस, मेकॅनिकल इंजिनियर, चाकणला नोकरी, पगार माझ्या पेन्शनच्या दुप्पट. दुसरी पुरी घेता घेता ती म्हणाली, "बाबा, मी नोकरी सोडतेय. जर्मनीला जाणार आहे. शिकायला."

'नोकरी सोडतेय' या शब्दांना वसंतरावांचा हात श्रीखंडाच्या वाटीत थांबला. 'जर्मनीला' या शब्दाला तो वर उचलला गेला. 'शिकायला' या शब्दाला घास तोंडाजवळ पोचला आणि चेहऱ्यावर समाधानही आलं. "एम.एस. ना?" त्यांनी विचारलं.

"नाही. बी.ए. तत्त्वज्ञानात."

हात परत वाटीत गेला.

"बी.ए.?" वसंतराव म्हणाले. "अगं, पण तू तर बी.ई. आहेस!" हे त्यांनी अशा स्वरात सांगितलं, की तिला ते कदाचित ठाऊक नसावं. "बी.ई. झाल्यावर कुणी बी.ए. होतं का? म्हणजे वर जायचं सोडून खाली?"

"खाली नाही बाबा. बाजूला."

"दसऱ्याला सीमोल्लंघन करतात," सुमन डोळ्याला पदर लावत म्हणाली, "पण इतकं?"

जेवण तिथंच आटोपलं. सोनं वाटताना वसंतरावांनी मला गॅलरीत घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही मामा आहात. तुमचं ऐकते ती. जरा समजावा."

आता कुणाला काही समजावण्याची माझी लायकी एवढीच, की मी तेहेतीस वर्षं बँकेत काढली आणि त्यातली बरीचशी कर्ज खात्यात. कर्जाच्या अर्जात एक रकाना असतो: 'कर्जाचा हेतू'. अर्जदाराचं नाव चुकलं तरी चालतं, पण हा रकाना रिकामा चालत नाही. खेड्यातल्या शाखेत असताना मी शेकडो अर्जांवर 'म्हैस खरेदी' हा हेतू वाचलेला आहे. कर्ज दिल्यावर म्हैस पाहायला जावं लागे. एका पावसाळ्यात मी तीन गावांतल्या तीन गोठ्यांत एकच म्हैस पाहिली. तिसऱ्या गोठ्यात तिनं मला ओळखलं, असं मला वाटतं. एकाला मुलीचं लग्न करायचं होतं, दुसऱ्याला सावकाराचं देणं फेडायचं होतं, तिसऱ्याला काय करायचं होतं ते मी विचारलं नाही. खरी गरज लिहायला रकान्यात जागा नव्हती, म्हणून तिघांनी मिळून एक म्हैस लिहिली होती. तेव्हापासून कुणी एखाद्या गोष्टीचं फार चांगलं कारण सांगू लागला, की मला हंबरणं ऐकू येतं.

तर असा हा अनुभवी मामा पुढच्या रविवारी भाचीला समजवायला गेला.

"मनू," मी म्हटलं, "हेतू काय?"

ती हसली. मग तिनं चाकणची हकीकत सांगितली. तिच्याकडे गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्यांची चाचणी होती. दार उघडायचं, लावायचं, उघडायचं, लावायचं. यंत्र हजारो वेळा हे करतं आणि शेवटी बिजागरी किती झिजली ते मोजायचं. ठरलेल्या आकड्याच्या आत असेल तर कागदावर 'मान्य' असं लिहून सही करायची. एकदा एक बिजागरी त्या आकड्याच्या अगदी काठावर निघाली. हिनं साहेबांना विचारलं, "हाच आकडा का?" साहेब म्हणाले, "तसंच ठरलंय." "कुणी ठरवलं?" "पूर्वीपासून आहे." "मग हे 'मान्य' म्हणजे 'चांगलं' का?" साहेब म्हणाले, "मॅडम, सही करा, ट्रक उभा आहे."

"मी सही केली, मामा," मनू म्हणाली. "बिजागरीत काही वाईट नव्हतं. पण घरी येताना बसमध्ये तोच प्रश्न. 'मान्य' आणि 'चांगलं' यांत फरक काय? मग त्यावर वाचायला लागले. दोन वर्षं वाचतेय. पण एकटीनं वाचणं म्हणजे विहिरीच्या काठावर बसून पोहण्याचं पुस्तक वाचणं. आता कुणीतरी ढकलायला हवं."

मला उत्तर सुचेना, म्हणून मी सौ.नं शिकवून पाठवलेला मुद्दा काढला. "अगं, मग इथंच कर. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून घरबसल्या बी.ए. होता येतं. २०२२ पासून तर विद्यापीठ अनुदान आयोगानं एकाच वेळी दोन पदव्यांनाही परवानगी दिलीय. नोकरी राहील, बी.ए. होशील, आईच्या डोळ्यांसमोर राहशील."

"घरबसल्याच तर नको," ती म्हणाली. "घरी बसले की मी मुलगी असते, इंजिनियर असते, सुमनताईंची लग्नाची असते. कुकरची तिसरी शिट्टी झाली की गॅस बंद करायला मीच उठते. मला चार वर्षं नुसती पहिल्या वर्षातली विद्यार्थिनी व्हायचंय."

"तीन वर्षांचा असतो ना अभ्यासक्रम?"

"हो. पण परक्या भाषेत तीनाचे चार होतात म्हणे."

भाषा तिला येत होती, हे कबूल करायला हवं. पुण्यात जर्मन शिकलेलं एखादं मूल नसेल असं घर आता शोधावं लागेल. मनू आठवीपासून शिकत होती. त्या वेळी वसंतरावांनीच क्लास लावला होता. संस्कृतपेक्षा जर्मनला गुण जास्त पडतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. गुणांसाठी लावलेली गोष्ट अशी अंगाशी येईल, हे त्यांना काय ठाऊक!

मी हात हलवत परत गेलो. मग वसंतरावांनी स्वतःच आघाडी उघडली. त्यांनी मोबाइलवर कान्टची माहिती काढली. हा जर्मन तत्त्वज्ञ मनूचा लाडका. तो जन्मला १७२४ साली क्योनिग्जबर्ग नावाच्या गावात आणि वारला १८०४ साली त्याच गावात. मधल्या ऐंशी वर्षांत तो आपला मुलूख सोडून कधी बाहेर गेला नाही. त्याच्या फिरायला जाण्याच्या वेळेवर शेजारी घड्याळं लावत, असं सांगतात. वसंतराव विजयी मुद्रेनं म्हणाले, "बघ! तुझा कान्टसुद्धा कधी परदेशी गेला नाही. आणि तू त्याला वाचायला एवढ्या लांब निघालीस. शिवाय ते गाव आता जर्मनीत नाहीच. रशियात आहे. कालिनिनग्राड."

"बाबा," मनू शांतपणे म्हणाली, "तो ४६ व्या वर्षी प्राध्यापक झाला. त्यानंतर अकरा वर्षं त्यानं जवळजवळ काही छापलं नाही. जे येत होतं ते सगळं बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून विचार करत बसला. मग ५७ व्या वर्षी त्याचं मोठं पुस्तक आलं. गाव नाही सोडलं त्यानं, पण पहिली पदवी सोडली म्हणायला हरकत नाही."

वसंतरावांनी मोबाइल खिशात ठेवला. पण हार मानणं त्यांच्या स्वभावात नाही. ते आमच्या सोसायटीचे आठ वर्षं चिटणीस होते. कुणी जिन्यात सायकल ठेवली की त्यांचा एकच सवाल असे: "उद्या सगळ्यांनीच ठेवली तर?" तोच त्यांनी आता काढला. "उद्या सगळ्यांनीच दुसऱ्यांदा बी.ए. व्हायचं ठरवलं तर? बिजागऱ्या कोण तपासणार? देश कसा चालणार?"

हे ऐकून मनू टाळ्या पिटायचीच बाकी राहिली. तिनं मला नंतर समजावून सांगितलं, की कान्टची नीतीची कसोटी बरीचशी हीच आहे. आपण ज्या नियमानं वागतो तो सगळ्यांचाच नियम व्हावा, असं आपल्याला म्हणता येईल का, हे आधी पाहायचं. थोडक्यात, वसंतराव कान्टची एक ओळ न वाचता, निव्वळ जिन्यातल्या सायकलींच्या बळावर, कान्टपाशी जाऊन पोचले होते. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मग माझं ऐका ना!"

पण मनूचं म्हणणं, नियम नीट मांडायला हवा. 'सगळ्यांनी दुसरी पदवी घ्यावी' हा नियमच नव्हे. 'ज्याला एखादी गोष्ट खरोखर कळून घ्यायचीय, त्यानं स्वतःच्या हिमतीवर पुन्हा पहिल्या बाकावर बसावं', असा नियम मांडला तर? तो सगळ्यांनी पाळला तरी देश बुडत नाही. फार तर बाक कमी पडतील.

बाकांवरून मला मोठ्या माणसांची आठवण झाली. आपल्याकडची पहिली पदवी गाठीला असताना पुन्हा पदवीच्या बाकावर जाऊन बसलेले लोक काही थोडे नाहीत. रँग्लर परांजपे मुंबई विद्यापीठाचे पदवीधर होऊन केंब्रिजला गेले आणि १८९९ साली तिथं सीनियर रँग्लर झाले. जयंत नारळीकर १९५७ साली बनारसहून बी.एस्सी. झाले आणि केंब्रिजला पुन्हा पदवीलाच बसले. अमर्त्य सेन कलकत्त्याचे बी.ए., मग केंब्रिजचेही बी.ए. मनमोहन सिंग तर पंजाब विद्यापीठाचे एम.ए. होऊन केंब्रिजच्या पदवी परीक्षेला बसले. म्हणजे वसंतरावांच्या हिशेबानं दोन पायऱ्या खाली.

मी ही यादी मोठ्या उत्साहानं वसंतरावांना ऐकवली. ते म्हणाले, "ते सगळे पुढं काय झाले ते बघा. आमची काय होणार?" याला उत्तर नाही. मोठ्या माणसांची उदाहरणं देण्यात हीच पंचाईत असते. त्यांच्या सगळ्या वेडेपणाला पुढं कारण सापडलेलं असतं. ज्याचं पुढं काही झालं नाही त्याचा वेडेपणा नुसताच वेडेपणा राहतो, आणि त्याचं चरित्र कुणी लिहीत नाही. पण निघताना तर दोघेही सारखेच असतात. तेव्हा निघणं बरोबर की चूक, हे पोचल्यावर काय मिळालं त्यावरून ठरवायचं, हा कुठला न्याय?

मधल्या काळात कागदपत्रं सुरू झाली. परदेशी अर्ज करणं हा माणसाची नम्रता तपासण्याचा एक प्रकार आहे. दिल्लीच्या जर्मन वकिलातीचं एक पडताळणी केंद्र आहे. त्याचा दाखला २०२२ च्या नोव्हेंबरपासून आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना सक्तीचा झाला. फी अठरा हजार रुपये. तिथं दहावीपासूनच्या गुणपत्रिका लागतात. मनूची दहावीची गुणपत्रिका वसंतरावांनी अभिमानानं लॅमिनेट करून घेतली होती. तिच्यावर आता साक्षांकनाचा शिक्का उमटेना. एक अख्खा रविवार वसंतराव ब्लेड घेऊन ते प्लॅस्टिक सोडवत बसले होते. शिक्षणाला विरोध आणि कागदाला मदत, अशी दुहेरी भूमिका ते शेवटपर्यंत निभावत होते.

मग बर्लिनची एक संस्था अनेक विद्यापीठांचे अर्ज एकत्र घेते. पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येक अर्जाला ३०. म्हणजे भाजीवाल्यासारखी सवलत. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे 'श्पेर्कोंटो'. विद्यार्थ्यानं वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच एका खात्यात टाकायचे. तो आकडा ११,९०४ युरो. आपल्या पैशात अकरा-बारा लाखांच्या घरात. ते पैसे त्याचेच, पण काढायला मिळणार महिन्याला ९९२. आमच्या बँकेत ज्या माणसाचं खातं असं अडकवलेलं असे, त्याच्या मागावर बहुधा पोलीस असत. तिथं त्याला विद्यार्थी म्हणतात.

फीचं मात्र आश्चर्य वाटलं. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळजवळ नाहीच. बाडेन-व्युर्टेम्बर्ग नावाचं एक राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सहा महिन्यांना १,५०० युरो घेतं. म्हणून मनूनं ते वगळलं. पण फी नाही म्हणजे खर्च नाही असं नव्हे. खर्च तिथला करदाता देतो. आणि इथं मात्र माझ्यातला बँकवाला जागा झाला. ज्या बाईनं एकदा शिक्षण घेतलंय, तिच्या दुसऱ्या शिक्षणाचे पैसे तिकडच्या एखाद्या बेकरीवाल्यानं का द्यावेत?

हा प्रश्न मला एकट्यालाच पडलेला नाही. इंग्लंडच्या सरकारला तो २००८ साली पडला. ज्याच्याजवळ एक पदवी आहे, त्यानं पुन्हा 'बरोबरीची किंवा खालची' पदवी घ्यायची म्हटली, तर त्याच्यासाठी सरकार विद्यापीठाला अनुदान देणार नाही, असा नियम तिथं त्यांच्या घरच्या विद्यार्थ्यांसाठी झाला. काही विषयांना सवलत ठेवली, पण तत्त्व तेच. पैसे मोजके आहेत, ज्यांच्या ताटात अजून काहीच पडलेलं नाही त्यांना आधी वाढा. यात अन्याय आहे असं मला म्हणवत नाही. पंगतीचा नियम आपल्याकडेही हाच आहे.

फक्त 'खालची' हा शब्द मला टोचला. शिक्षण म्हणजे जिना, आणि जिन्यावर एक तर वर जायचं नाही तर खाली, ही कल्पना आपल्या डोक्यात इतकी पक्की बसलीय, की बाजूलाही दार असू शकतं हे कुणाला सुचत नाही. आमच्या जुन्या वाड्यात माजघरातून देवघरात जायला एक पायरी उतरावी लागे. पण देवघरात जाणाऱ्याला कुणी 'खाली गेला' म्हणत नसे.

जर्मन लोकांनी तर याचे चक्क गुण ठरवलेत. मनूनं मला तो तक्ता मोबाइलवर दाखवला. तो तिच्यासाठी नव्हता. त्याच देशात एक पदवी घेऊन पुन्हा वैद्यकासारख्या मोजक्या जागांच्या विषयाकडे वळणाऱ्यांसाठी होता. अशांसाठी शेकडा तीन जागा. पहिल्या पदवीतल्या यशाला जास्तीत जास्त चार गुण, आणि दुसरी पदवी कशाला हवी त्या कारणाला वेगळे गुण. व्यवसायासाठी ती अटळ असेल तर ९. संशोधनासाठी हवी असेल तर ७ ते ११. व्यवसायाला विशेष उपयोगाची असेल तर ७. इतर काही व्यावसायिक कारण असेल तर ४. आणि यांपैकी कुठलंच कारण नसेल, तर १.

मी तो तक्ता दोनदा वाचला. तेहेतीस वर्षं ज्या रकान्याशी मी झगडलो, तो इथं सजून-धजून बसला होता. आणि शेवटच्या ओळीनं तर मला जिंकलंच. 'यांपैकी काही नाही: एक.' शून्य नव्हे, एक! नुसतं वाटलं म्हणून आलो, असं सांगणाऱ्यालाही त्या हिशेबी लोकांनी एक गुण देऊन ठेवलाय. आमच्या बँकेत त्याला दारातूनच परत पाठवला असता.

पण हे सगळं तत्त्वज्ञान झालं. खरा पेच पैशांचा होता आणि तो बेकरीवाल्याच्या पैशांचा नव्हता. फेब्रुवारीत एके संध्याकाळी वसंतराव माझ्याकडे आले, चहाला नको म्हणाले, आणि खिशातून तळेगावच्या प्लॉटचे कागद काढले. "बँकेत तुमच्या ओळखी आहेत. हा विकला तर काय येतील?"

तो प्लॉट त्यांनी पिंपरीच्या कारखान्यात ओव्हरटाइम करून घेतला होता. तो म्हातारपणासाठी होता. शिवाय सुमनचे दोन्ही गुडघे बदलायचे राहिले होते.

"वसंतराव, तुमचा तर विरोध आहे ना?"

"विरोध आहेच," ते म्हणाले. "पण पोरीनं तिथं जाऊन उपाशी राहायचं का?" मग थोडा वेळ ते गप्प बसले. "तुम्हाला सांगतो, तिच्या इंजिनियरिंगच्या कर्जाचा शेवटचा हप्ता मी रिटायर व्हायच्या महिन्यात भरला. त्या दिवशी पेढे आणले होते. आता ती म्हणते, ते नको, दुसरं हवं. म्हणजे मी दिलेलं चुकलंच ना?"

त्यांना पैशांचं दुःख नव्हतं. आपण दिलेली वस्तू कुणीतरी न वापरता परत आणून टेबलावर ठेवतंय, याचं होतं. आणि मला जाणवलं, की या सगळ्या प्रकरणातला नीतीचा प्रश्न हाच आहे. माणसाला पुन्हा सुरुवात करायचा हक्क आहे, हे मान्य. पण पहिल्या सुरुवातीत ज्यांनी आपला ओव्हरटाइम घातला, त्यांचं काय? त्यांच्या आयुष्याला दुसरी पदवी नसते.

मी हे मनूला सांगितलं. जसंच्या तसं, पेढ्यांसकट. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली. मग म्हणाली, "प्लॉट विकला तर मी जाणार नाही, मामा. आईच्या गुडघ्यांवर चढून मला कान्ट नको. चाकणच्या चार वर्षांचे पैसे मी साठवलेत. पहिल्या वर्षाचे भरतात. पुढं तिथं काम करायला मिळतं, वर्षात १४० दिवस. नाही जमलं तर परत येईन आणि बिजागऱ्या तपासीन. आणि बाबांना सांग, त्यांनी दिलेलं मी परत करत नाहीये. तेच मोडून हे घेतेय. त्यांनी इंजिनियर केलं नसतं तर माझ्याकडे तिकिटाचेसुद्धा पैसे नसते."

तेच तिनं त्यांना स्वतः सांगावं, असं मी म्हटलं. तिनं सांगितलं की नाही, मला माहीत नाही. पण प्लॉटचे कागद पुन्हा कपाटात गेले, आणि सुमनच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन एप्रिलमध्ये झालं. मनूनं त्या वेळी तीन आठवडे रजा घेतली.

जूनमध्ये ती अर्जाबरोबरचं पत्र घेऊन माझ्याकडे आली. 'हा विषय का निवडला', एक पान. पत्र जर्मनमध्ये होतं, ते तिनं मला मराठीत वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं, की वाहन उद्योगात नैतिक निर्णयांना पुढील काळात मोठं महत्त्व येणार असून, अभियांत्रिकी आणि तत्त्वज्ञान यांची सांगड घालणाऱ्या तज्ज्ञांची गरज भासणार आहे. सबब प्रस्तुत अर्जदार वगैरे वगैरे.

"कसं वाटलं?"

"म्हैस," मी म्हटलं.

"काय?"

मी तिला तीन गोठ्यांची गोष्ट सांगितली. म्हटलं, "मनू, हे कारण उत्तम आहे. सात गुणांचं आहे. पण ते तुझ्या गोठ्यातलं नाही. ज्या विषयात खरं काय हे शोधायला निघालीस, त्याच्या दारातच उसनी म्हैस बांधणार का?"

"पण मामा, खरं कारण लिहिलं तर एकच गुण पडतो."

"पडू दे," मी म्हणालो. तेहेतीस वर्षांच्या नोकरीत जे वाक्य कुणा अर्जदाराला बोललो नाही, ते मी सेवानिवृत्तीनंतर बोललो. तेव्हा माझं स्वतःचं काही जात नव्हतं, हेही सांगायला हवं. दुसऱ्याला प्रामाणिकपणाचा सल्ला देणं हे फार स्वस्तातलं पुण्य आहे.

तिनं पत्र पुन्हा लिहिलं. त्यात बिजागरी आली, ट्रक आला, 'मान्य' आणि 'चांगलं' आलं, आणि शेवटी एक वाक्य आलं, की हे कळून मला पुढं काय करायचंय ते अजून ठाऊक नाही. १५ जुलै शेवटची तारीख होती. १४ ला रात्री अर्ज गेले. तीन विद्यापीठं. ऑगस्टमध्ये एकाचा नकार आला, तो एका कागदाच्या प्रतीवरून. दुसऱ्याचा आला, त्यात कारणच नव्हतं. तिसऱ्याचं पत्र आलं, त्यात प्रवेश होता. खऱ्या कारणामुळे मिळाला की खऱ्या कारणाकडे कुणी पाहिलंच नाही म्हणून मिळाला, हे कळायला मार्ग नाही. माझ्या बँकेच्या अनुभवावरून मला दुसरी शक्यता जास्त वाटते.

सप्टेंबरअखेर, दसऱ्याच्या तोंडावर, ती गेली.

त्यानंतर वसंतरावांनी सोसायटीत सगळ्यांना सांगायला सुरुवात केली, की मृण्मयी एम.एस.ला गेली. मी ऐकत होतो आणि काही बोलत नव्हतो. ज्याच्या गोठ्यात म्हैस असेल त्यानं ती बांधावी; तपासणीला जायची माझी नोकरी आता राहिलेली नाही.

परवा सकाळी आम्ही दोघं फिरायला टेकडीवर गेलो होतो. वाटेत सोसायटीतले एक गृहस्थ भेटले. त्यांचा मुलगा खरोखरच एम.एस.ला अमेरिकेत आहे. त्यांनी विचारलं, "काय वसंतराव, मुलीचं एम.एस. कशात म्हणालात?"

वसंतराव चालायचे थांबले. टोपी काढली, घाम पुसला, टोपी पुन्हा घातली.

"एम.एस. नाही हो," ते म्हणाले. "बी.ए. करतेय ती. दुसऱ्यांदा. तत्त्वज्ञानात."

"दुसऱ्यांदा? का बरं? स्कोप काय त्याला?"

"स्कोप-बिप काही नाही," वसंतराव म्हणाले. "तिला ते कळून घ्यायचंय म्हणून."

गृहस्थ 'असं का' म्हणून पुढं गेले. वसंतरावही काही न बोलता चढणीला लागले, आणि मी त्यांच्या मागोमाग. मनातल्या मनात मी त्यांना एक गुण दिला. तक्त्यात त्याहून जास्त देण्याची सोयच नाही.